प्रथिनं ताटातली की डब्यातली? स्नायू वाढवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालमीत आणि जिममध्ये जाणारी मुलं-मुली, आणि हल्ली त्यांचे आईवडीलही, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. म्हणून ते एका जागी उत्तरांसह देत आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. डाळी, कडधान्यं, पीठ आणि मांस यांची वजनं शिजवण्याआधीची आहेत. प्रथिनांचे आकडे अंदाजे आहेत, वाण आणि जात बदलली की ते थोडे इकडेतिकडे होतात.

१. प्रथिनं आणि अमिनो आम्लं एकच का? डब्यावर दोन्ही शब्द लिहिलेले असतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. आपण डाळ, अंडं, मासा काहीही खाल्लं की पोट आणि आतडी ती साखळी तोडतात आणि सुटी अमिनो आम्लं रक्तात जातात. शरीराची प्रथिनं बांधायला २० अमिनो आम्लं लागतात. त्यांतली ११ गरजेप्रमाणे शरीर स्वतः तयार करतं. उरलेली नऊ बाहेरूनच घ्यावी लागतात: ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, लायसीन, मेथिओनीन, थ्रिओनीन, फिनाइलअ‍ॅलनीन, ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडीन. यांना अत्यावश्यक अमिनो आम्लं म्हणतात, डब्यावरचं ‘ईएए’ ते हेच. त्यांतली पहिली तीन म्हणजे ‘बीसीएए’. अमिनो आम्लांच्या सप्लिमेंटमध्ये ती साखळीत नसतात, सुटी असतात. अन्नातून येणारी आणि डब्यातून येणारी अमिनो आम्लं रासायनिकदृष्ट्या तीच. फरक आहे तो कोणती येतात, किती येतात आणि सोबत आणखी काय येतं यात.

२. आमच्या जिममध्ये सगळे व्यायाम करताना बीसीएए पितात. त्याने स्नायू वाढतात का?

रोजच्या जेवणात पुरेसं प्रथिन असेल तर बीसीएएने वेगळं काही वाढत नाही. प्रथिन कमी पडत असेल तर बीसीएएने ती उणीव भरून निघत नाही. दोन्हीकडून पैसे वायाच जातात, आणि मला याची खरी चिडचिड होते, कारण हा डबा विकत घेणारी बरीच मुलं नुकती कमवायला लागलेली असतात.

बीसीएएच्या जाहिरातीत अर्धं सत्य आहे. ल्युसीन हे अमिनो आम्ल स्नायूंच्या पेशींना ‘बांधकाम सुरू करा’ असा इशारा देतं, हे प्रयोगांत नीट दिसलेलं आहे. पण इशारा मिळाल्यावर बांधायला नऊच्या नऊ अत्यावश्यक अमिनो आम्लं हाताशी हवीत. गिरणीचा भोंगा झाला, कामगार आत आले आणि गोदामात कापूसच नाही, तर कापड विणणार कशाचं? नुसतं बीसीएए घेतलं की बाकीची सहा कुठून येणार? शरीर ती स्वतःचीच जुनी प्रथिनं मोडून आणतं.

स्नायूंच्या चयापचयावर आयुष्यभर काम केलेल्या रॉबर्ट वोल्फ यांनी २०१७ साली या विषयावरचं संशोधन तपासलं. माणसांना शिरेतून फक्त बीसीएए दिल्याचे दोनच प्रयोग त्यांना सापडले, आणि दोन्हींत स्नायूंची बांधणी वाढण्याऐवजी कमी झाली होती. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका प्रयोगात वजनांच्या व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए तोंडाने दिलं, तेव्हा बांधणी २२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे परिणाम शून्य नाही. पण ज्यात तेवढंच बीसीएए असतं अशा व्हे या दुधातल्या प्रथिनाने मिळणाऱ्या वाढीच्या तो साधारण निम्माच होता.

आता हिशेब करा. ३० मात्रांचा डबा १२०० रुपयांना पडला तर एक मात्रा ४० रुपयांची. अंडं सात-आठ रुपयांना धरलं तर ४० रुपयांत पाच अंडी येतात. त्यांत ३० ग्रॅम प्रथिन, अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसीन आणि बाकीची आठही अत्यावश्यक अमिनो आम्लं. शिवाय बी-१२, कोलीन, लोह. अंडी खात नसाल तर त्याच पैशात अर्ध्या लिटरहून जास्त दूध येतं.

अंगदुखी थोडी कमी होते असं काही छोट्या अभ्यासांत दिसतं. तेवढ्यासाठी दर महिन्याला हजार रुपये द्यायचे का, हे तुम्ही ठरवा. मी देणार नाही.

३. मग ईएए घेतलं तर? त्यात तर नऊच्या नऊ असतात.

ईएएची बाजू बीसीएएपेक्षा पुष्कळ भक्कम आहे. नऊही अमिनो आम्लं असल्यामुळे त्याने स्नायूंची बांधणी खरोखर वाढते, आणि ती सुटी असल्याने रक्तात लवकर पोचतात. पण पाच-सहा तासांच्या अंतराने नीट जेवणाऱ्या माणसाला या घाईचा उपयोग नाही, कारण व्यायामानंतर स्नायू निदान एक दिवस तरी अमिनो आम्लं जास्त जोमाने वापरत असतात. धडधाकट तरुणाला ईएएने जे मिळतं ते दूध, अंडी, पनीर, मासे, सोयाबीन यांतून मिळतंच. चव कडू असते, म्हणून त्यात गोडी आणि वास घालावे लागतात. ज्यांना ईएएचा खरा उपयोग होऊ शकतो अशा लोकांबद्दल प्रश्न १३ आणि १६ पाहा.

४. व्हे प्रोटीनही सप्लिमेंटच ना? मग त्यालाही नाही म्हणायचं का?

नाही, दोन्ही एका मापाने मोजू नका. व्हे हे दुधातलंच प्रथिन आहे, चीज करताना उरलेल्या पाण्यातून काढून वाळवलेलं. त्यात सगळी अत्यावश्यक अमिनो आम्लं असतात आणि ल्युसीन भरपूर, साधारण दहा टक्के. त्याला मी दुधाची पावडर समजतो, औषध नाही. ज्याला जेवणाचा डबा खाऊनही दिवसाचा आकडा (प्रश्न ५) गाठता येत नाही, हॉस्टेलवर राहतो, शिफ्टमध्ये काम करतो, त्याने एक स्कूप घेतला तर हरकत नाही. पण आधी जेवण, मग कमी पडेल तेवढंच व्हे.

पनीर केल्यावर उरलेलं पाणी म्हणजे घरचं व्हे, असंही बरेच जण लिहितात. दूध उकळल्यावर व्हे प्रथिनांचा मोठा भाग केसीन या दुधातल्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटून पनीरमध्येच जातो. त्या पाण्यात कणीक जरूर मळा, पण स्नायूंचा हिशेब पनीरवर करा.

५. मला दिवसाला नेमकं किती प्रथिन लागेल?

व्यायाम न करणाऱ्या निरोगी माणसासाठी आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण दिलं आहे. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर याच्या दुपटीच्या जवळ जा. २०१८ साली ४९ प्रयोगांचा आणि त्यांतल्या १८६३ लोकांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे जादा प्रथिनाचा सरासरी फायदा दिसेनासा झाला. ६५ किलोच्या माणसाला हे १०४ ग्रॅम होतात.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही. प्रथिनाच्या पुरवणीमुळे झालेली जादा वाढ सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती. बाकी सगळी वाढ व्यायामाची. महिनोन्‌महिने तेच वजन उचलत राहिलात तर कुठलंही प्रथिन तुम्हाला पुढे नेणार नाही.

६. घरात अंडंही चालत नाही. शाकाहारी जेवणातून १०० ग्रॅम प्रथिन येणं शक्य आहे का?

शक्य आहे, पण सहज होत नाही. नेहमीचं ताट म्हणजे तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण. त्यात २० ग्रॅमही जेमतेम येतात. वाटीभर पातळ वरणात डाळ किती असते ते एकदा शिजवण्याआधी तोलून पाहा, मन खट्टू होतं. त्यामुळे डाळ-कडधान्याचं माप वाढवावं लागतं आणि भाताचं थोडं कमी करावं लागतं.

६५ किलोच्या मुलासाठी एक दिवस असा बसतो. सकाळी ६० ग्रॅम मुगाची धिरडी आणि मोठी वाटी, म्हणजे २०० ग्रॅम, दही: १४ आणि ६, मिळून २०. दुपारी ४० ग्रॅम मटकीची उसळ, ३० ग्रॅम तुरीचं घट्ट वरण आणि तीन पोळ्या: ९, ७ आणि ९, म्हणजे २५. चार वाजता ५० ग्रॅम फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे: १७. व्यायामानंतरच्या जेवणात ४० ग्रॅम सोया चंक्सचा रस्सा आणि ज्वारीच्या दोन भाकरी: २१ आणि १०, म्हणजे ३१. झोपताना ३०० मिली दूध: १०. बेरीज १०३.

यात एकही महाग वस्तू नाही. सोया चंक्समध्ये १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रथिन असतं, इतकं स्वस्त प्रथिन किराणा दुकानात दुसरं मिळणार नाही. चंक्स गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, ते पाणी टाकून द्या आणि मग मसाल्यात परता. आवडत नाही म्हणणारे निम्मे लोक न पिळता घालतात. कडधान्यांचा मारा एकदम केलात तर पोट फुगेल, म्हणून आठवड्याला थोडं थोडं वाढवा. भिजवणं आणि मोड आणणं टाळू नका, त्याने कडधान्य पचायला सोपं होतं.

७. डाळीचं प्रथिन ‘अपूर्ण’ असतं म्हणे. मग त्याने स्नायू कसे होणार?

अपूर्ण म्हणजे एखादं अमिनो आम्ल कमी असणं, अजिबात नसणं नव्हे. डाळी-कडधान्यांत मेथिओनीन कमी आणि लायसीन भरपूर. तांदूळ, गहू, ज्वारीत बरोबर उलटं. वरण-भात, उसळ-भाकरी, थालीपीठ या जोड्या एकमेकांची उणीव भरतात. दोन्ही एकाच घासात हवं असंही नाही, दिवसभरात मिळालं तरी पुरे. डाळी-धान्यांचं प्रथिन दुधा-अंड्यापेक्षा थोडं कमी पचतं, त्यामुळे शाकाहारी माणसाने प्रश्न ५ मधला आकडा पूर्ण गाठावा, तिथे सूट घेऊ नये.

ब्राझीलमधला २०२१ चा एक प्रयोग मला मोलाचा वाटतो. तिथे पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणारे तरुण आणि मिश्राहारी तरुण अशा दोन गटांना किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिन मिळेल अशी सोय केली. आकडा भरून काढायला एका गटाला सोयाचं प्रथिन दिलं, दुसऱ्याला व्हे. १२ आठवड्यांच्या व्यायामानंतर स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखीच वाढली.

८. अंड्याचा पिवळा बलक काढून टाकावा का? आणि कच्ची अंडी जास्त ‘लागतात’ हे खरं का?

स्नायूंसाठी बलक काढू नका. २०१७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात व्यायामानंतर काही तरुणांना तीन पूर्ण अंडी दिली आणि दुसऱ्या वेळी १८ ग्रॅमच प्रथिन पण फक्त पांढऱ्यातून दिलं. पूर्ण अंड्यांनंतर स्नायूंची बांधणी जास्त झाली. प्रथिन तेवढंच, म्हणजे बलकातलं दुसरं काहीतरी मदत करतं. अन्न आणि सुटी अमिनो आम्लं यांतला फरक दाखवणारं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलून अंड्यांची संख्या ठरवा.

कच्च्या अंड्याचं उलट आहे. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९० टक्के प्रथिन पचतं, कच्च्यातलं जवळपास निम्मंच, असं १९९८ च्या एका मोजणीत दिसलं. शिवाय साल्मोनेलाची भीती. दुधात कच्ची अंडी फोडून पिण्याची सवय असेल तर आजपासून उकडा.

९. एका वेळी ३० ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिन पचत नाही ना? आणि व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलं नाही तर वाया जातं?

दोन्ही गोष्टी ताणून सांगितल्या जातात. नेदरलँड्समधल्या २०२३ च्या प्रयोगात व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम दुधाचं प्रथिन दिलं, तर शरीराने ते १२ तासांहून जास्त वेळ वापरलं. वाया गेलं नाही. तरीही दिवसाचं प्रथिन तीन-चार जेवणांत वाटून घ्या, कारण ६० ग्रॅम प्रथिन मिळेल एवढी डाळ एका जेवणात कोंबणं पोटाला झेपत नाही. व्यायामाआधी तीन तासांत जेवला असाल तर नंतर घरी जाऊन, आंघोळ करून जेवा.

१०. सकाळी उपाशीपोटी व्यायाम करतो. स्नायू तुटू नयेत म्हणून बीसीएए घेऊ का?

रात्री नीट जेवला असाल तर गरज नाही. रात्रीच्या पनीर-दूध-उसळीतून अमिनो आम्लं कित्येक तास झिरपत असतात. व्यायामानंतर तासाभरात प्रथिनाचा नाश्ता करा, तेवढं पुरे. उपाशीपोटी चक्कर येत असेल तर कपभर दूध किंवा एक केळं घ्या. काही डब्यांवर ‘शून्य कॅलरी’ लिहिलेलं असतं, ते खरं धरू नका. अमिनो आम्लांतूनही ग्रॅमला साधारण चार कॅलरी मिळतात.

११. श्रावण, चतुर्थी, नवरात्र. उपवासात प्रथिन कुठून आणू?

साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. म्हणून साबुदाणा कमी आणि कूट जास्त, किंवा सरळ भगर आणि दाण्याची आमटी करा. राजगिरा फार चांगला, १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम, आणि धान्यांत कमी असणारं लायसीन त्यात बऱ्यापैकी असतं. राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, दह्याची मोठी वाटी, आणि तुमच्या घरी चालत असेल तर पनीर, एवढ्यावर ५०-६० ग्रॅम होतात. आठवड्यातून एक दिवस आकडा चुकला म्हणून स्नायू जात नाहीत. नवरात्राचे नऊ दिवस मात्र आधीच आखून घ्या.

१२. पैलवानांचा जुना खुराक आजही चालेल का?

त्यातलं दूध, बदाम आणि मटण आजही उत्तम. लिटरभर दुधात ३३ ग्रॅम प्रथिन, थंडाईतल्या ५० बदामांत १२-१३ ग्रॅम. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं तेव्हा अमिनो आम्लांचे डबे तालमीपर्यंत पोचलेही नव्हते. पण तो खुराक हजार-हजार जोर-बैठका आणि आखाड्यातली मेहनत करणाऱ्यांसाठी होता. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर जिम करणाऱ्याने वाटीभर तूप आणि दोन लिटर दूध घेतलं तर पोट वाढेल. दूध-बदाम ठेवा, तूप चमच्यावर आणा.

१३. माझी आई ६८ वर्षांची आहे, हातपाय बारीक होत चाललेत. तिला काय देऊ?

या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो, कारण स्नायू गेले की पडणं आणि हाड मोडणं मागोमाग येतं. उतारवयात त्याच प्रथिनाला स्नायू कमी प्रतिसाद देतात, त्यामुळे किलोमागे निदान १ ते १.२ ग्रॅम हवं. आपल्या घरांत होतं उलट. दात नाहीत, भूक नाही म्हणून मऊ भात, पेज, चहा-बिस्किटं, आणि प्रथिन दिवसेंदिवस खाली.

नाचणीच्या खिरीत किंवा मऊ भातात दोन चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळली की पाच ग्रॅम वाढतात आणि चव बदलत नाही. मऊ अंडाभुर्जी, मुगाचं घट्ट कढण, कुस्करलेलं पनीर, काटे काढलेला मासा द्या. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं रोज करून घ्या, व्यायामाशिवाय नुसतं प्रथिन फार काम करत नाही. एवढं करूनही ताट निम्मं परत येत असेल तर थोडक्या पाण्यात मावणारं ईएए किंवा व्हे खरंच उपयोगी पडू शकतं. आधी किडनीची तपासणी करून घ्या (प्रश्न १५).

१४. डब्यावर २५ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. त्यावर विश्वास ठेवायचा कसा?

प्रयोगशाळेत बहुतेक वेळा प्रथिन थेट मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. ही पद्धत डेन्मार्कच्या केल्डाल यांनी १८८३ साली काढली. तिची फट अशी की नायट्रोजन असलेलं दुसरं काहीही घातलं तरी ते प्रथिन म्हणून मोजलं जातं. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घातलं गेलं ते याचसाठी, आणि त्यात लहान मुलांचे जीव गेले. प्रोटीन पावडरमध्ये याच फटीतून ग्लायसीन, टॉरीनसारखी स्वस्त अमिनो आम्लं घालतात.

घटकांच्या यादीत ही नावं वेगळी लिहिलेली दिसली तर तो डबा ठेवून द्या. २५ ग्रॅम व्हे प्रथिनात अडीच ग्रॅमच्या आसपास ल्युसीन असायला हवं, तेही पाहा. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक हवाच. ग्लुटामीन या सुट्या विकल्या जाणाऱ्या अमिनो आम्लाने निरोगी माणसाचे स्नायू वाढत नाहीत. कोलॅजेन या कातडी-हाडांतल्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नसतंच, त्यामुळे त्याचे ग्रॅम स्नायूंच्या हिशेबात धरू नका.

१५. जास्त प्रथिनाने किडनी खराब होते का?

किडनी निरोगी असेल तर प्रश्न ५ मधल्या प्रमाणाने ती खराब झाल्याचं दिसत नाही. आधीच बिघडलेली असेल तर मात्र प्रथिनावर मर्यादा लागते, आणि ती किडनीचे डॉक्टरच ठरवतील. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर प्रथिन वाढवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. क्रिएटीन हे जिममधलं दुसरं सप्लिमेंट घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्याने क्रिएटिनिनचा आकडा किडनी चांगली असूनही थोडा वर जाऊ शकतो.

१६. अमिनो आम्लांची पावडर डॉक्टरच लिहून देतात किंवा बंद करतात, असं कधी होतं का?

होतं, आणि तिथे या पानावरचा सल्ला लागू नाही. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात आजारात फिनाइलअ‍ॅलनीन शरीरात साठून मेंदूला इजा करतं. अशा मुलांना डाळ, दूध, अंडं यांचं नेहमीचं माप देता येत नाही. फिनाइलअ‍ॅलनीन वगळलेलं अमिनो आम्लांचं मिश्रण हेच त्यांचं मुख्य प्रथिन. मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये उलट बीसीएएच विषासारखं साठतं. यकृताचा सिरोसिस आणि त्यामुळे मेंदूवर परिणाम झालेल्या काही रुग्णांना डॉक्टर बीसीएए देतात. दुधाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या काही तान्ह्या बाळांना सुट्या अमिनो आम्लांचं दूध लागतं.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. पावडरमध्ये लेबलवर नसलेला बंदी घातलेला पदार्थ निघाला तरी उत्तेजक चाचणीत जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. आणि सुटं अमिनो आम्ल आहे म्हणून निर्धोक, असंही नाही. अमेरिकेत १९८९ साली दूषित ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांमुळे पंधराशेहून अधिक लोकांना स्नायूंचा गंभीर आजार झाला आणि त्यांतले तीसहून जास्त दगावले. वर सांगितलेल्या आजारांत मिश्रण कोणतं आणि मात्रा किती हे रुग्णाचं वजन आणि रक्ताचे रिपोर्ट पाहून ठरतं, आणि मूल वाढेल तसं पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. त्याजागी जिमचा डबा वापरू नका.